मोठा पडदा, सात-आठ हजारांचा फोन : घेऊ का नको?

गणपतीत गावी जाताना घरच्यांसाठी न्यायचा म्हणून असेल, नाहीतर पावसात जुन्या फोनने मान टाकली म्हणून असेल, पण यावेळच्या टपालात एकच विषय घुमतोय. सात-आठ हजारात पावणेसात-सात इंचाचा फोन मिळतोय, घेऊ का? अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत सगळ्यांचा प्रश्न तोच, कारणं मात्र प्रत्येकाची वेगळी, त्यामुळे उत्तरं पण वेगळी निघतात. लांब पत्रं थोडी छाटलीत, राग मानू नका.

प्रश्न : मी डोंबिवलीला असते, आई गुहागर तालुक्यात गावी एकटी राहते. वय ६८, चष्मा आहे तरी अक्षरं बारीक दिसतात म्हणते. तिचा आत्ताचा फोन साडेपाच इंची, खूप जुना. मी साडेसात हजारातला ६.८८ इंची बघून ठेवलाय. व्हॉट्सॲप, व्हिडिओ कॉल आणि यूट्यूबवर भजनं, एवढंच तिचं काम. भाऊ म्हणतो स्क्रीनचे पिक्सेल कमी आहेत, नको घेऊ. कुणाचं ऐकू?
(एक लेक, डोंबिवली)

उत्तर : ताई, भाऊ ज्याला घाबरतोय ते घाबरण्यासारखं नाही आणि तुम्ही ज्यावर खूश आहात ते तेवढं खूश होण्यासारखं नाही. आधी भावाचं बघू. या फोनमध्ये आडवे ७२० आणि उभे १६०० च्या आसपास पिक्सेल असतात, म्हणजे इंचाला साधारण २६०. महागड्या फुल एचडी फोनला ३९० च्या आसपास. आकड्यात फरक मोठा दिसतो, पण तुमची आई फोन डोळ्यापासून चांगला फूट-सव्वा फूट लांब धरून वाचत असणार, चाळीशीनंतर सगळेच तसं करतात, आणि तेवढ्या अंतरावरून चांगल्या नजरेच्या माणसाला पण हे ठिपके वेगळे दिसत नाहीत. उलट कमी पिक्सेल म्हणजे प्रोसेसरला कमी काम आणि बॅटरी जास्त. आईसाठी ७२० चालेल, भावाला सांगा.

आता तुमचं. इंच मोजतात ते कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरके. जुने फोन आडवे-ठेंगणे असायचे, आताचे उंच आणि सडपातळ. आईच्या साडेपाच इंची फोनच्या पडद्याची रुंदी हिशोबाने ६.८५ सेंटीमीटर येते, नव्या ६.८८ इंचीची ७.०३. म्हणजे रुंदीत जेमतेम दोन मिलिमीटर वाढले हो! सगळी वाढ उंचीत गेली. त्यामुळे यूट्यूबवरचं भजन फोन आडवा करून बघितलं तर चित्र जवळजवळ आधी होतं तेवढंच, बाजूला दोन काळ्या पट्ट्या तेवढ्या जास्त. अक्षरं पण आपोआप मोठी होत नाहीत, ती सेटिंगमधून करावी लागतात. डिस्प्लेमध्ये फॉन्ट साइझ आणि डिस्प्ले साइझ अशा दोन वेगळ्या गोष्टी असतात, दोन्ही वाढवा. उंच स्क्रीनचा खरा फायदा इथेच कळतो, कारण जुन्या फोनवर अक्षर एवढं मोठं केलं की कीबोर्ड निम्मी जागा खातो आणि वर चारच ओळी उरतात, नव्यावर सात-आठ तरी राहतील. आणि व्हिडिओ कॉल उभाच असतो, त्यामुळे नातवंडं नक्की मोठी दिसतील, हा फायदा मी कमी धरत नाही.

मग या फोनमध्ये कंपनीने पैसे वाचवले कुठे? पडदा समोर दिसतो, दुकानात हातात घेतला की पडद्यावरच माणूस भुलतो, म्हणून पडदा मोठा देतात आणि जे दिसत नाही तिथे हात आखडतात. मेमरी मंद, रॅम कमी, अपडेट थोडे दिवस, चार्जर बारका. आईच्या बाबतीत यातलं सगळ्यात आधी काय नडेल तर स्टोरेज. ६४ जीबी म्हणजे हातात पडतो तेव्हाच सिस्टीमने त्यातले पंधरा-वीस खाल्लेले असतात, आणि वाडीचा ग्रुप, माहेरचा ग्रुप, भजनी मंडळाचा ग्रुप, त्यात रोजचे गुड मॉर्निंगचे व्हिडिओ, वर्षभरात फोन भरतो आणि भरला की हँग होतो, मग तुम्ही डोंबिवलीहून फोनवर "आई, ते तीन ठिपके दाब" करत बसणार. म्हणून १२८ जीबीचाच घ्या, वर हजार-दीड हजार गेले तरी तिथे घाला. आणि व्हॉट्सॲपमधलं मीडिया ऑटो डाउनलोड पहिल्याच दिवशी बंद करून द्या.

वजन पण बघा. कव्हर आणि गार्ड लावून हा फोन सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास जातो. एका हातात धरून अंगठ्याने वरचं बटण काही तिला गाठता येणार नाही, त्यामुळे मागे रिंग नाहीतर पट्टा लावा. दुकानात स्वतःच्या नाही, तिच्या हातात देऊन बघता आला तर उत्तम.

अजून एक, घरी फायबरचं वायफाय आहे का ते तुम्ही लिहिलं नाहीत. असेल तर वायफाय कॉलिंग चालतं का ते तिच्या सिमवर तपासून घ्या. आपल्याकडे दरीत, माडाबागेत घरात रेंज नसते आणि लोक बोलायला अंगणात नाहीतर वरच्या रस्त्यावर जातात, पावसात म्हाताऱ्या माणसाने हे कशाला करायचं? काही स्वस्त फोनमध्ये फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय असतं, ५ चं नसतं, त्याचं टेन्शन घेऊ नका. चिऱ्याच्या जाड भिंतीतून २.४ वालंच जास्त आत शिरतं.

आणि घेण्याआधी शृंगारतळीला किंवा चिपळूणला, म्हणजे आई ज्या बाजारात जाते तिथल्या रिपेअरिंगवाल्याला विचारा की या मॉडेलचा कॉम्बो, म्हणजे काच आणि डिस्प्लेचा जोड, मिळतो का आणि केवढ्याला बसतो. एवढा मोठा पडदा म्हणजे फुटायला पण मोठा. अगदी नवीन, कुणी फारसा न घेतलेला मॉडेल असला की कॉम्बो मुंबईहून मागवतो म्हणतात आणि मग फोन पंधरा दिवस ड्रॉवरमध्ये.

प्रश्न : मी मालवणचो. होडयेर जातंय. माका मोठ्या स्क्रीनचो फोन व्हयो, नकाशो बरो दिसाक व्हयो, पण आठ हजाराच्या वर जावचा नाय. खाऱ्या पाण्यात टिकात काय? वरती आयपी ५२ लिवलेला आसा.
(एक मच्छीमार, मालवण)

उत्तर : दादा, खाऱ्या पाण्यात नाही टिकणार, सरळच सांगतो. आयपी म्हणजे फोन धूळ-पाणी किती सोसतो त्याचा आकडा. ५२ मधला शेवटचा दोन म्हणजे फोन थोडा तिरका धरून वरून थेंब पडले तर चालेल, एवढंच. ५४ किंवा ६४ असेल तर चारी बाजूंनी उडालेले शिंतोडे सोसतो. पाण्यात बुडाला तर चालेल असं सांगायला सात किंवा आठ लागतो आणि तो या किमतीत सहसा मिळत नाही. त्यातही या सगळ्या चाचण्या गोड्या पाण्यात घेतात. मीठ वेगळं काम करतं, पाणी सुकलं तरी मीठ आत चार्जिंगच्या भोकात राहतं, हवेतली ओल ओढत राहतं आणि पिना हिरव्या पडतात. आणि पाणी गेलेला फोन वॉरंटीत घेत नाहीत, मग वरती आयपी काही लिहिलेलं असो.

तरी बुडालाच तर लगेच बंद करा, चालू करून बघायचा मोह टाळा, चार्जिंगला तर अजिबात लावू नका. बाहेरून गोड्या पाण्याने ओलसर केलेल्या फडक्याने पुसा आणि किनाऱ्याला लागल्या लागल्या दुकानात नेऊन उघडून साफ करून घ्या, दोन दिवसांनी नाही, त्याच दिवशी. तांदळात ठेवायचं जे सगळे सांगतात ते करू नका, तांदूळ काही मीठ काढत नाही, वर पिठूळ भोकात जातं. उकडा असला तरी नाही.

पण मला तुमच्यासाठी पाण्यापेक्षा दोन दुसऱ्या गोष्टींची जास्त काळजी वाटते. पहिली ऊन. स्वस्त मोठे फोन बहुतेक सगळे एलसीडी असतात आणि उजेड साडेचारशे ते सहाशे निट्सच्या (निट्स म्हणजे पडद्याच्या उजेडाचं माप) घरात. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली हे झकास दिसतं, भर दुपारी होडीवर, खाली पाणी चमकतंय वर ऊन, त्यात नकाशा दिसायला हजाराच्या वरचे निट्स लागतात. म्हणजे ज्या नकाशासाठी मोठी स्क्रीन घेताय तो नकाशाच दिसणार नाही. दुकानदाराला सांगा, फोन बाहेर रस्त्यावर उन्हात नेऊन बघायचाय. नाही म्हणाला तर दुसरं दुकान.

दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही. बऱ्याच स्वस्त फोनमध्ये होकायंत्राचा सेन्सरच नसतो. जीपीएस असतो, त्यामुळे नकाशावर निळा ठिपका येतो, पण तोंड कुठल्या दिशेला आहे ते थांबलेल्या होडीत फोनला कळत नाही, होडी चालायला लागली की हालचालीवरून अंदाज बांधतो. दुकानात नकाशा उघडून जागेवर उभं राहून फोन गोल फिरवा, बाण वळला तर सेन्सर आहे. जीपीएसला रेंज लागत नाही, तो सॅटेलाइटवरून चालतो, पण नकाशा मात्र आधी घरी डाउनलोड करून ठेवावा लागतो, आणि रेंज नसताना पहिलं लोकेशन पकडायला वेळ घेतो, तर किनाऱ्यावरच एकदा चालू करून घ्या.

ओल्या बोटांनी टच नीट चालत नाही, खारं पाणी असेल तर पडदा आपोआप कुठेही दाबल्यासारखा करतो. गळ्यात अडकवायची प्लास्टिकची पारदर्शक थैली मिळते ती घ्याच. माझं म्हणणं विचाराल तर आठ हजारात होडीवर मोठा फोन नको. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते त्या दोन महिन्यांत घाई नाही, तेव्हा थोडे पैसे जमवून उन्हात दिसणारा आणि आयपी ६४ लिहिलेला फोन घ्या, इंच अर्धा कमी असला तरी चालेल. आणि आत जाताना वायरलेस सेट, नाहीतर स्वतंत्र जीपीएस असेल तो सोडून फक्त फोनवर भिस्त ठेवू नका, किनाऱ्यापासून लांब गेलं की रेंज जाते आणि फोनवरून कुणाला हाक मारता येत नाही.

प्रश्न : मी अकरावीत आहे. ८४९९ ला फोन आहे, डब्यावर १२ जीबी रॅम लिहिलंय, १२० हर्ट्झ पण आहे. मित्राच्या वीस हजारवाल्यात ८ जीबी आहे. मग माझाच भारी ना? लेक्चर बघायचे आणि थोडं गेमिंग. बाबा एवढेच पैसे देणार.
(विद्यार्थी, कणकवली)

उत्तर : अरे, त्या १२ च्या डोक्यावर एक बारीक चांदणी असेल बघ, आणि डब्याच्या खालच्या कडेला मुंगीएवढ्या अक्षरात त्या चांदणीचा खुलासा. ४ जीबी खरी रॅम आणि ८ जीबी व्हर्च्युअल. व्हर्च्युअल म्हणजे स्टोरेजमधलाच तुकडा रॅम म्हणून वापरायचा. आता ते स्टोरेज कुठलं आहे ते बघायला हवं. या किमतीत बहुतेक ईएमएमसी ५.१ असतं, त्याची कागदावरची कमाल मर्यादाच सेकंदाला ४०० एमबी, आणि मित्राच्या फोनमधलं यूएफएस त्याच्या दुप्पट-तिप्पट जातं. पण वेगापेक्षा मोठी भानगड अशी की ईएमएमसीला एका वेळी वाचणं किंवा लिहिणं यातलं एकच जमतं. आपल्याकडच्या वहाळावरच्या एकेरी साकवासारखं, पलीकडून माणूस येत असेल तर अलीकडच्याने थांबायचं. म्हणून मागे चार ॲप अपडेट होत असतील तेव्हा तू साधं व्हॉट्सॲप उघडलंस तरी फोन गप्प बसतो. आणि त्याच साकवावरून आता रॅमची पण वाहतूक करायची म्हणे! व्हर्च्युअल रॅमने मागचं ॲप बंद पडायचं थोडं लांबतं, फोन काही पळायला लागत नाही. सेटिंगमध्ये बंद करता येते, करून बघ, कधीकधी जास्त बरा चालतो.

१२० हर्ट्झचं पण तसंच आहे, पडदा सेकंदाला १२० वेळा बदलायला तयार आहे पण आत हेलिओ किंवा युनिसॉकची साधी चिप तेवढी चित्रं बनवायला तर हवी ना. गेममध्ये ती तीस-चाळीसवर धापा टाकते. सेटिंगमधून ६० वर ठेव, बॅटरी तरी वाचेल.

लेक्चरसाठी या फोनला माझी काहीच तक्रार नाही. फळ्यावरचं दिसतं, ७२० ला डेटा पण कमी जातो. पीडीएफ मात्र उभ्या अरुंद पडद्यावर वाचायला वैताग येतो, पहिल्या उत्तरात रुंदीचा हिशोब दिलाय तो वाच. गेमिंग हवंच असेल तर बाबांच्या त्याच पैशात दोन-तीन वर्षं जुना, तेव्हा पंधरा-अठरा हजारांचा असलेला सेकंडहँड फोन मिळतो, त्यात यूएफएस असतं, फुल एचडी असतं, कधी ॲमोलेड, म्हणजे एलसीडीपेक्षा भारी पडदा पण. त्याची बॅटरी दमलेली असणार, ती बदलायचे पैसे बाजूला ठेव. आणि सेकंडहँड घेताना *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, बघ, मग मेसेजमध्ये इंग्रजीत केवायएम, जागा सोडून तो पंधरा आकडी नंबर टाकून १४४२२ ला पाठव. सरकारी सोय आहे, चोरीचा म्हणून ब्लॉक केलेला असेल तर कळतं. बिल आणि डबा नसेल तर कितीही स्वस्त दिला तरी घेऊ नको.

प्रश्न : मोठा फोन म्हणजे रेडिएशन जास्त का? शेजारीण सांगते.
(गृहिणी, अलिबाग)

उत्तर : नाही. स्क्रीनच्या आकाराशी त्याचा संबंध नाही. आपल्या देशात मर्यादा शरीराच्या किलोमागे १.६ वॉट आहे आणि इथे विकल्या जाणाऱ्या फोनला ती पाळावी लागते, स्वस्त असो नाहीतर महाग. *#०७# दाबलं की बऱ्याच फोनमध्ये आकडा दिसतो, शेजारणीच्या फोनचा पण बघा.

प्रश्न : हापूसची बाग आहे, थेट गिऱ्हाइकाला पेट्या पाठवतो. फोटो टाकायला आणि ई-पीक पाहणीला फोन हवा. ५० मेगापिक्सेल, दोन कॅमेरे, मोठी स्क्रीन, नऊ हजार. मुलगा म्हणतो भंगार आहे. खरं काय?
(आंबा बागायतदार, देवगड)

उत्तर : काका, मुलगा थोडा जास्त बोलतो पण अगदीच चुकीचं नाही. दोन कॅमेऱ्यांतला दुसरा बहुतेक वेळा शोभेचा असतो, बोट ठेवून झाकून बघा, फोटोत काही फरक पडत नाही. पहिला ५० मेगापिक्सेलवाला चार-चार ठिपके एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतो, आणि हे काही वाईट नाही, उजेड चांगला असेल तर पेटीचा फोटो छान येतो. सकाळी अढीवरचे आंबे खिडकीजवळ घेऊन काढा. संध्याकाळी पडवीत पिवळ्या बल्बखाली काढलात तर कच्चा पण तयार दिसेल आणि गिऱ्हाईक नंतर भांडेल. हे फोन रंग जरा भडक करतात, ते व्यापाराला बरं वाटतं पण ज्याला भौगोलिक मानांकनवाला हापूस म्हणून विकताय त्याच्या हातात पेटी उघडल्यावर तोच रंग दिसायला हवा ना. एआय, ब्युटी, एचडीआर असलं सगळं बंद करून एक फोटो काढा आणि खऱ्या आंब्याशेजारी फोन धरून बघा.

ई-पीक पाहणी राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली तेव्हापासून बागेत उभं राहूनच नोंद आणि फोटो करायचा असतो, त्यामुळे तिथे कॅमेऱ्याइतकाच जीपीएस महत्त्वाचा. दाट कलमांखाली स्वस्त फोनचा जीपीएस इकडेतिकडे भटकतो. घाई न करता उघड्या कातळावर दोन मिनिटं थांबा, ठिपका स्थिर होऊ द्या, मग आत जा. मोठ्या स्क्रीनचा तुम्हाला खरा उपयोग ऑर्डरी वाचायला आणि सातबारा बघायला होईल. तेवढ्यासाठी नऊ हजार घालायला हरकत नाही, फक्त बँकेचं आणि पैशांचं सगळं त्याच फोनवर चालणार आहे म्हणून सिक्युरिटी अपडेट किती वर्षं देणार ते विचाराच. काही कंपन्या स्वस्त फोनला पण चार वर्षं देतो म्हणतात, काही त्याबद्दल बोलतच नाहीत. दुकानातल्या डेमो पीसमध्ये अबाउट फोन उघडून सिक्युरिटी अपडेटची तारीख वाचा. सात-आठ महिने जुनी असेल तर पुढे काय होणार ते तुम्हीच ओळखा.

प्रश्न : फाइव्ह जी स्वस्तात मिळतोय तर फोर जी कशाला घ्यायचा? आमच्याकडे टॉवर आहे पण बीएसएनएलचा.
(शिक्षक, राजापूर तालुका)

उत्तर : गुरुजी, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. टॉवर कुणाचा ते आधी, जी नंतर. बीएसएनएलचं स्वदेशी ४जी २७ सप्टेंबर २०२५ ला देशभर अधिकृत सुरू झालं, ते ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर चालतं, म्हणजे फोनच्या माहितीत बँड २८ आणि बँड १ दिसले पाहिजेत. बँड १ सगळ्यांत असतो, २८ सगळ्यांत असेलच असं नाही, आणि डोंगराआड, झाडीत लांब पोचतो तो ७०० वालाच. डब्यावर हे नसतं, कंपनीच्या साइटवर असतं, शोधा.

खासगी कंपनीचं ५जी घेणार असाल तर अजून एक मेख. काही अगदी स्वस्त ५जी फोन फक्त एसए प्रकारचं, म्हणजे ४जीच्या आधाराशिवाय चालणारं ५जी पकडतात. जिओचं ५जी एसए आहे त्यामुळे तिथे चालतात, एअरटेलने मात्र सुरुवात एनएसएवर, म्हणजे ४जीच्या आधाराने चालणाऱ्या ५जीवर केली, तिथे असला फोन ५जी असून ४जीच दाखवतो. दुकानात हे विचारलंत तर शंभरातला एखादाच दुकानदार नीट उत्तर देईल, म्हणून ज्याच्याकडे तोच मॉडेल आहे त्याच्या फोनमध्ये तुमचं सिम टाकून घरी, शाळेत, दोन्हीकडे बघा. गावात ५जी यायला अजून अवकाश असेल तर त्याच पैशात ४जी फोनमध्ये जास्त रॅम आणि मेमरी मिळते, मी तरी तिकडेच वळेन.

प्रश्न : ऑनलाइन हजार रुपये स्वस्त आहे. गावातला दुकानदार हप्त्यावर देतो. काय करू?
(रिक्षाचालक, महाड)

उत्तर : हजाराचा फरक असेल तर ऑनलाइन घेण्यात काही वाईट नाही, पण डबा उघडताना सुरुवातीपासून व्हिडिओ काढा आणि बिल जपून ठेवा. दुकानात हप्त्यावर घेताना शून्य टक्के व्याज म्हणतात तिथे प्रोसेसिंग फी आणि आठवून आठवून लावलेला इन्शुरन्स यांची बेरीज करा, अठरा टक्के जीएसटी किमतीत आहे का वर आहे ते पण विचारा. आणि हप्त्याच्या फोनमध्ये बऱ्याचदा एक लॉकचं ॲप बसवलेलं असतं, हप्ता चुकला की फोन बंद. तुमचा धंदा फोनवर, यूपीआयवर चालतो, एका चुकलेल्या हप्त्याने दिवसाची कमाई अडकेल. रोखीने सहा हजारांचा परवडत असेल तर हप्त्यावर नऊ हजारांचा घेऊ नका.

प्रश्न : पावसात लाइट गेली की दोन-दोन दिवस येत नाही. मोठ्या स्क्रीनला बॅटरी जास्त लागते म्हणतात. मग छोटाच बरा का?
(एक वाचक, दापोली)

उत्तर : मोठ्या पडद्याचा दिवा जास्त खातो हे खरं, पण मोठ्या अंगात बॅटरी पण मोठी बसते, ५००० एमएएच तर आता सगळ्यांत आहे, काहींत त्याहून जास्त, आणि ७२० पिक्सेलमुळे खर्च आटोक्यात राहतो. साधा वापर असेल तर दीड-दोन दिवस निघतात. याबाबतीत स्वस्त मोठा फोन महागड्या सडपातळ फोनपेक्षा बरा, हे मी आनंदाने सांगतो.

अडचण चार्जिंगची. डब्यात बऱ्याचदा १० वॉटचा चार्जर येतो, कधी तोही नसतो, आणि त्यावर रिकामा फोन भरायला तीन तास जातात. आपल्याकडे पावसात लाइट येते ती तासभर, लगेच पुन्हा जाते, त्या तासात एक तृतीयांशच भरणार. फोन १८ वॉट घेतो का ते बघा आणि घेत असेल तर तसा चार्जर वेगळा घ्या. पॉवर बँक घेताना १०००० लिहिलेल्यातून प्रत्यक्षात सहा हजारांच्या आसपासच बाहेर पडतं हे धरून चला, फसवणूक नाही ती, आतल्या सेलचा व्होल्टेज आणि बाहेर देतो तो व्होल्टेज वेगळा असतो म्हणून. म्हणजे तुमचा फोन एकदा पूर्ण आणि वर थोडा.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात तुमच्याच भागात किती दिवस लाइट नव्हती, टॉवर पण झोपले होते, ते तुम्हाला मी काय सांगणार. तेव्हा नेट नाही, रेंज नाही, अशा वेळी एफएम रेडिओ कामाला येतो, आणि गंमत म्हणजे तो महाग फोनमधून काढून टाकलाय, स्वस्तांत अजून असतो. पण त्याला वायरवाला इअरफोन लागतो, वायरच त्याची अँटेना असते. तेवढा दीडशे रुपयांचा इअरफोन घेऊन ठेवा. आणि आत्ताचा छोटा फोन चालू असेल तर एक्स्चेंजमध्ये पाचशे-सातशेला देऊ नका. बॅटरी निम्मी ठेवून बंद करून कपाटात ठेवा, मधूनमधून काढून पुन्हा निम्म्यावर आणा, पूर्ण भरून ठेवू नका नाहीतर बॅटरी फुगते.